बेसाल्टच्या गावात जीवाश्म शिकवायचे तर

कोल्हापूर शहरातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधला दहावीचा वर्ग. पट 48, तास 35 मिनिटांचा. प्रयोगशाळेत वजनकाटा एक, नळ एक. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या पाठात उत्क्रांतीचा पुरावा म्हणून जीवाश्म येतात, कार्बन वयमापन येतं आणि दोन तासांत हा भाग संपतो. इथे तो सहा तासांत घ्यायचं ठरलं. सुरुवातीला एकच काम दिलं: जीवाश्म वाटेल असा दगड दिसला तर घेऊन या.

सोमवारी टेबल भरलं. जोतिबाच्या वाटेवरचा, नारळाएवढा गोल दगड. खाणीतून आणलेला काळा कातळ, त्याच्या पोकळीत पांढऱ्या सुयांचा पंखा. एका फरशीवर काळी, नेच्याच्या पानासारखी नक्षी. रंकाळ्याच्या काठची गोगलगाईची शंखी. पन्हाळ्याचा भोकाभोकांचा जांभा. “सर, हे अंडंच हाय न्हवं, दगडाचं झालेलं?” हा प्रश्न गोल दगडाबद्दलचा.

यातला एकही जीवाश्म नव्हता. तरी मुलांनी निरीक्षण चांगलं केलं होतं. गोलाई, फांद्या, पंखा या आकारांवरून सजीव ओळखायची सवय आपल्या सगळ्यांचीच असते. चूक फक्त एवढीच की आकार हाच पुरावा धरला. प्लास्टरमध्ये शिंपल्याचा ठसा उमटवायचा नेहमीचा प्रयोग एकटाच घेतला, तर ही चूक आणखी घट्ट होते. जीवाश्म म्हणजे ठसा, तो वीस मिनिटांत होतो आणि कुठेही होतो, असं त्यातून मनात बसतं. म्हणून सहाही तास तीन प्रश्नांवर बांधले. काय गेलं? काय उरलं? गेलेल्याच्या जागी काय आलं? फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिलेले हे प्रश्न शेवटपर्यंत पुसायचे नाहीत.

आधी टेबलावरचे दगड

पहिला तास या दगडांनाच द्यावा. ‘हा जीवाश्म नाही’ एवढं सांगून दगड बाजूला ठेवला, तर पुढच्या वेळी मूल काही आणत नाही. प्रत्येक दगडाची स्वतःची गोष्ट आहे आणि ती जीवाश्माइतकीच खरी आहे.

पांढऱ्या सुयांचा पंखा म्हणजे झिओलाइट गटातलं खनिज. लाव्हा थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून खनिजं विरघळलेलं पाणी फिरलं आणि स्फटिक पोकळीच्या भिंतीपासून आत वाढत गेले. शिंपल्याच्या वाढरेषा कडेला समांतर, एकात एक कमानींसारख्या असतात. झिओलाइटच्या सुया एका बिंदूपासून सरळ बाहेर पसरतात. भिंगातून हा फरक मुलांना लगेच दिसतो.

फरशीवरच्या काळ्या नक्षीला डेंड्राइट म्हणतात. दगडाच्या भेगेत पाणी झिरपलं आणि मँगनीजची ऑक्साइडं फांद्यांसारखी साचली. खरं पान असतं तर मधली शीर दिसली असती, तिच्यातून ठरावीक अंतराने उपशिरा फुटल्या असत्या आणि पानाला कड असती. डेंड्राइटला यातलं काहीच नसतं, फांद्या भेगेच्या कडेपासून आत पसरत जातात. मुलांना दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी काढायला लावावीत. नुसतं बघून हा फरक लक्षात राहत नाही, हाताने काढल्यावर राहतो.

इथे एका चाचणीपासून सावध राहायला हवं. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, सौम्य आम्ल टाकलं की फसफसतो. मग ‘फसफसला म्हणजे जीवाश्म’ असा नियम मुलं स्वतःच काढतात. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत कॅल्साइट हे कॅल्शियम कार्बोनेटचंच खनिजही सापडतं आणि तेही तितकंच फसफसतं. आम्ल फक्त पदार्थ सांगतं, तो कुठून आला ते सांगत नाही. दोन्हींवर एकाच वेळी थेंब टाकून दाखवला की नियम तिथल्या तिथे मोडतो.

रंकाळ्याची शंखी अस्सल शंखीच आहे, पण कालपरवाची. तिला ‘काय गेलं?’ विचारलं तर उत्तर येतं: फक्त आतला मऊ प्राणी. बाकी सगळं जागेवर आहे. जीवाश्माच्या वाटेवरचं पहिलं पाऊल म्हणून तिला टेबलावरच राहू द्यावं. गोल दगडही तसाच ठेवावा, त्याचं उत्तर शेवटच्या तासाला.

इथे का मिळत नाहीत

हा तास सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका हाच बहुतेक ठिकाणी घेतला जात नाही. कोल्हापूरच्या पायाखाली बेसाल्ट आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरले. आज उरलेला विस्तारच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर आहे. असा लाव्हा 1100 अंश सेल्सियसच्या वर तापलेला असतो, त्यात सापडलेला जीव जळून जातो. जीवाश्माला गाळ लागतो, तोही बारीक. जीव मेल्यावर लवकर झाकला जावा, हवा तुटावी आणि वर थर साचत राहावेत. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा जांभा तर खडक कुजूनच बनलेला, त्यात काही टिकायची शक्यता आणखी कमी.

मग प्रश्न येतो: महाराष्ट्रात जीवाश्म नाहीतच का? आहेत, आणि त्यांची जागाच या धड्याचं उत्तर आहे. लाव्हाच्या दोन लोंढ्यांमध्ये जिथे मधल्या काळात तळी साचली, तिथल्या गाळात शंख, मासे, झाडांची खोडं, बिया टिकल्या. असे थर नागपूरच्या परिसरात आणि पलीकडे मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलान इथे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथे डायनोसॉरची हाडं आणि विष्ठेचे जीवाश्म मिळाले. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अवशेष असल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी डायनोसॉरच्या काळात गवत होतं याचा असा थेट पुरावा नव्हता. गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यातल्या वडधम इथे दगड झालेली झाडं राखून ठेवली आहेत. दक्षिणेला बागलकोटकडच्या कलादगी खडकांत सूक्ष्मजीवांच्या थरांनी बनलेले स्ट्रोमॅटोलाइट आहेत. ते शंभर कोटी वर्षांहून जुने. गोदावरीच्या जुन्या नदीगाळात हत्तीच्या कुळातल्या जनावरांची हाडं मिळाली आहेत. भिंतीवर नकाशा लावून या जागांवर टिकल्या चिकटवल्या की मुलांच्याच तोंडून येतं: टिकल्या गाळावर आहेत.

गाळ म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. 2019 आणि 2021 चा महापूर त्यांनी पाहिलाय. पाणी उतरल्यावर घरात राहिलेला तो मऊ, चिकट थर कितीतरी घरांनी खरवडून काढलाय. त्याच थरात एखादं पान, मासा, उंदीर गाडला गेला आणि वर दर काही वर्षांनी नवा थर बसत राहिला, तर काय होईल, इथून बोलणं सुरू करावं. ज्या घरांचं पुरात नुकसान झालं त्या मुलांना त्याबद्दल सांगायला भाग पाडू नये. आपणहून बोलली तर ऐकावं.

गाळ बसण्याचा प्रयोग पाच मिनिटांचा, पण त्याची बैठक दोन दिवसांची. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत खडी, वाळू आणि शेतातली काळी माती प्रत्येकी एक वाटी, वर पाणी, झाकण लावून हलवायचं. खडी लगेच तळाला जाते, वाळू काही सेकंदांत, काळी माती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. दुसऱ्या बाटलीत तेच सगळं घालून तुरटी फिरवावी. मातीचे कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि पाणी लवकर निवळतं. गढूळ पाण्यात तुरटी फिरवलेली मुलांनी घरी पाहिलेली असते. पानाच्या शिरा टिपणारा कण हाच, सगळ्यात शेवटी बसणारा. वाळूत पान ठेवलं तर नुसती कड उमटते.

कुजण्याचा प्रयोगही याच दिवशी लावून ठेवायचा, निकाल चार आठवड्यांनी. पिंपळाची तीन पानं. एक उघड्यावर, दुसरं कुंडीतल्या ओलसर, भुसभुशीत मातीत, तिसरं बरणीत, चिखलात दाबून वर दोन बोटं पाणी ठेवून. तिसऱ्या बरणीतला चिखल काळा पडतो, उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि पान बाकी दोघांपेक्षा जास्त शाबूत मिळतं. वास हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायू नसल्याची ती खूण. बरणी वर्गात न उघडता खिडकीशी, शक्यतो व्हरांड्यात उघडावी.

फौंड्रीचा साचा आणि शिंपल्याचा साचा

शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर. कोल्हापुरातल्या बऱ्याच मुलांच्या घरचं कोणीतरी फौंड्रीत कामाला असतं. जीवाश्मशास्त्राला जे शब्द लागतात ते या घरांत रोज बोलले जातात: पॅटर्न (हव्या त्या वस्तूचा नमुना), साचा, कोअर (वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्याच्या आत ठेवलेला वाळूचा गोळा), कास्टिंग (ओतून झालेली वस्तू). पाठ्यपुस्तकातला ‘साचा आणि ओतीव’ हा भाग इतका जवळून कळण्याची सोय फार थोड्या गावांत असेल. ती सोडू नये. ओळखीच्या कारखान्यातून जुना लाकडी पॅटर्न, एक तुटका कोअर आणि एक रद्द झालेलं कास्टिंग मागून आणावं. वर्गाला भट्टीजवळ नेण्याची गरज नाही.

पॅटर्न म्हणजे शिंपला. वाळूचा साचा म्हणजे भोवतीचा गाळ. पॅटर्न काढला की राहते ती पोकळी, म्हणजे शिंपला विरघळून गेल्यावर खडकात राहिलेली जागा. ओतलेला धातू म्हणजे पाण्यातून आलेलं खनिज. आणि कोअर म्हणजे जिवंतपणी प्राणी होता त्या पोकळीत भरलेला चिखल. हा शेवटचा भाग शिकवायला सगळ्यात अवघड, पण कोअर हातात असला की एका वाक्यात होतो. शंखात चिखल भरला, दगड झाला, वरचं कवच विरघळलं, तर हातात येणारा दगड शंखासारखा दिसतो. पण तो शंखाच्या आतल्या पोकळीचा आकार. बाहेरच्या नक्षीचा त्यावर मागमूस नसतो.

आता तुलना जिथे मोडते तिथे थांबायचं. फौंड्रीत पॅटर्न उपसून काढता यावा म्हणून त्याला उतार ठेवतात. पिळाच्या शंखाला असा उतार नसतो, तो उपसायला गेलं तर साचा फुटेल. निसर्ग उपसत नाही, विरघळवतो. हे दाखवायला अंड्याचं कवच पुरतं. आतला पापुद्रा सोलून काढायचा, कवचाचा तुकडा ओल्या प्लास्टरमध्ये अर्धा खोचायचा, प्लास्टर घट्ट झालं की सगळं व्हिनेगरमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदलायचं. दोन-तीन दिवसांत कवच जातं आणि त्याच्या जाडीची फट उरते. पापुद्रा काढला नाही तर तो फटीत तसाच राहतो आणि मुलं म्हणतात, मऊ भाग टिकला, टणक गेला. एरवी घडतं ते याच्या उलट. प्लास्टर या काळात थोडं मऊ पडतं, बाहेर काढल्यावर दिवसभर वाळू द्यावं.

दुसरी मोड वेळेची. धातू काही क्षणांत साचा भरतो. खडकातलं खनिज पाण्यातून कणाकणाने बसतं, ते कोणी ओतत नाही. हे तोंडी सांगून भागत नाही, वहीत लिहून घ्यावं.

मग प्लास्टरचा प्रयोग. सहा-सहांचे आठ गट, प्रत्येक गटाला एक शिंपला आणि एक पान, म्हणजे 16 चकत्या. 9 सेंटिमीटर रुंद आणि 4 सेंटिमीटर खोल कागदी वाट्या घ्याव्यात. तळाला 2 सेंटिमीटर शाडू, वर 2 सेंटिमीटर प्लास्टर. एका वाटीला शाडू साधारण 250 ग्रॅम, प्लास्टर 120 ग्रॅम, पाणी 80 ते 85 मिलिलिटर. एकूण 4 किलो शाडू. प्लास्टर सांडलवंड धरून अडीच किलो. दोन्ही कुंभार गल्लीत मिळतात. एकच वजनकाटा असल्याने प्लास्टर आदल्या दिवशी पिशव्यांत तोलून ठेवावं, नाहीतर निम्मा तास रांगेतच जातो.

शाडू पुरीच्या कणकेइतका घट्ट हवा. अंगठा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर कोरडा, अंगठ्याला माती चिकटली तर ओला. शिंपल्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवून दाबायचा आणि सरळ वर उचलायचा. पान शिरांची बाजू खाली ठेवून लाटण्याने दाबावं.

प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, प्लास्टरवर पाणी ओतायचं नाही. ओतलं तर गुठळ्या होतात आणि तळाला कोरडी पावडर राहते. सगळं भिजलं की मिनिटभर हळू ढवळायचं. जोरात फेटलं तर हवा शिरते आणि ठशावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. साधारण दाट ताकासारखं झालं की ओतायचं. दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होऊ लागतं, शाडूपासून सोडवायला पाऊण तास तरी द्यावा. म्हणजे ओतणं एका तासात, सोडवणं दुसऱ्या दिवशी. त्याच तासात सोडवायची घाई केली की शिरा शाडूतच राहतात.

प्लास्टर नीट घट्टच होत नसेल तर बहुतेक वेळा ते जुनं असतं. उघड्या पिशवीतलं प्लास्टर पावसाळ्याची दमट हवा ओढून घेतं आणि आतल्या आत निकामी होतं. चमचाभर प्लास्टर आधी तपासून घ्यावं. घट्ट होताना ते तापतं, त्यामुळे हात किंवा बोट त्यात बुडवून ठसा घेऊ द्यायचा नाही. त्यात भाजण्याचा खरा धोका आहे. उरलेलं प्लास्टर बेसिनमध्ये टाकू नये. पाइपमध्ये ते दगड होतं.

स्पंज, मीठ आणि हवामान

साच्याने एकच प्रकार कळतो. दगड झालेलं लाकूड किंवा हाड वेगळ्या रीतीने बनतं. मूळ वस्तूच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्यातली खनिजं शिरून बसतात. कित्येकदा मूळ पदार्थाची जागाही घेतात. म्हणूनच अशा लाकडात वार्षिक वलयं, क्वचित पेशीसुद्धा दिसतात. ठशात त्या कधीच दिसल्या नसत्या.

यासाठी स्पंज. 1 सेंटिमीटर जाड स्पंज हाडाच्या आकारात कापायचा, ताटलीत वाळूखाली पुरायचा. 1 लिटर गरम पाण्यात 400 ग्रॅम मीठ ढवळायचं. तळाला थोडं उरतं, ते उरायलाच हवं. 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 36 ग्रॅमच मीठ मुरतं आणि द्रावण भरल्याची खूण तीच. प्रत्येक ताटलीत 100 मिलिलिटर ओतून उन्हात ठेवायचं. डिसेंबर-जानेवारीत आठवडाभरात स्पंज कडक होतो. हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये लावू नये. कोल्हापूरच्या त्या हवेत मीठच ओल धरून बसतं आणि दोन आठवड्यांनीही हाताला चिकट स्पंज लागतो.

कडक झालेल्या स्पंजाचा छोटा तुकडा पाण्यात टाकून दाखवावा. मीठ विरघळतं, स्पंज पुन्हा मऊ. खऱ्या लाकडात बसलेली सिलिका अशी सहज विरघळत नाही, म्हणून ते कोटी वर्षं टिकलं. आणखी एक फरक मुलांकडूनच काढून घ्यावा. आपल्या प्रयोगात स्पंज जागेवर आहे, ‘काय गेलं?’ याचं उत्तर ‘फक्त पाणी’.

देवघरातला शाळिग्राम या तासाला आपोआप निघतो. नेपाळमधल्या गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या चक्राच्या शाळिग्रामांत अ‍ॅमोनाइट या समुद्री प्राण्याच्या कवचाचा आकार असतो. जिथे आज हिमालय आहे तिथे तेव्हा समुद्र होता, याचा हा हातात मावणारा पुरावा. तो शाळेत मागवू नये. घरच्या मोठ्यांना विचारून फोटो काढून आणला तर उत्तम. त्यावर आम्ल, हातोडी, चरा यातलं काहीही करायचं नाही. त्याला घरात देव मानतात आणि मुलांसमोर त्याचा मान तसाच राखला पाहिजे. शिकण्यासाठी फोटोतली चक्राची वळणं पुरेशी आहेत.

वयाचा घोळ

पाठात कार्बन वयमापन आहे, म्हणून मुलं डायनोसॉरचं वयही कार्बननेच काढतात. हा घोळ दोरीने सुटतो. मैदानावर 46 मीटर दोरी टाकायची, 1 मीटर म्हणजे 10 कोटी वर्षं, अख्खी दोरी म्हणजे पृथ्वीचं वय. आजच्या टोकापासून 66 सेंटिमीटरवर दख्खनचा लाव्हा. कलादगीचे स्ट्रोमॅटोलाइट 10 मीटरच्याही पलीकडे. आपली मानवजात शेवटच्या 3 मिलिमीटरमध्ये. कार्बन-14 चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा वेळ, 5730 वर्षं. दहा अर्धायुकालांत मूळ कार्बन-14 चा हजारावा भागही उरत नाही, त्यामुळे पद्धत सुमारे 50,000 वर्षांपर्यंतच चालते. दोरीवर ते अर्धा मिलिमीटर. मुलांना पेन्सिलीचं टोक टेकवायला सांगावं, टोकच त्याहून जाड निघतं.

मग नागपूरच्या शंखांचं वय कसं ठरलं? त्यांच्या खालचा आणि वरचा लाव्हा मोजून. पोटॅशियम-40 चा अर्धायुकाल सुमारे 125 कोटी वर्षं, त्यातल्या काही भागाचा अर्गॉन वायू होतो आणि तो थिजलेल्या खडकात साठत राहतो. म्हणजे आपल्या पायाखालच्यासारखाच, जीवाश्म नसलेला काळा कातळ तिकडच्या जीवाश्मांचं घड्याळ आहे. हे कळल्यावर बेसाल्टकडे बघायची नजर बदलते, आणि या भागात सगळ्यात जास्त प्रश्न इथेच येतात. त्यांना वेळ द्यावा, दुसरं काही कापावं लागलं तरी चालेल.

शेवटचा तास

पाच वस्तू, क्रमांक टाकून: शिंपल्याची प्लास्टर चकती, पानाचा ठसा, मिठाचा स्पंज, डेंड्राइटची फरशी, झिओलाइट. प्रत्येकीपुढे तेच तीन प्रश्न. स्पंजापुढे ‘ठसा’ लिहिणारी उत्तरं सगळ्यात जास्त तपासावी लागतात. शब्द पाठ झाला आणि प्रक्रिया निसटली, एवढाच त्याचा अर्थ. डेंड्राइटपुढे पहिल्या प्रश्नाला ‘काहीच गेलं नाही, तिथे जीव नव्हताच’ असं लिहिलं तर पूर्ण गुण द्यावेत.

सगळ्यात शेवटी जोतिबाचं ‘अंडं’. गॉगल, जाड कापड गुंडाळून एकच हातोडी, मुलं तीन मीटर मागे. बाहेरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, पिवळट, नखाने खरवडता येतील असे. आत करडा, घट्ट बेसाल्ट, मध्यभागी पोकळी नाही, कवच नाही. भेगांतून शिरलेल्या पाण्याने बाहेरून आत खनिजं कुजवली. कोपरे तीन बाजूंनी खाल्ले गेले म्हणून चौकोनी ठोकळा गोल झाला. दोन तुकडे वर्गात फिरवावेत आणि तीन प्रश्न याही दगडाला विचारावेत: घट्ट खनिजं गेली, मधला गाभा उरला, गेलेल्याच्या जागी माती आली.